जेवताना मोबाइल : माहेरी आईला आणि वहिनीला कसं सांगू?

विटेकरीण

नमस्कार. मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. आम्ही स्वीडनमध्ये गोथेनबर्गला राहतो, माझं माहेर विट्याजवळ. मे महिन्यात सुट्टीला गावी येतोय आणि त्याच वेळी भाऊ-वहिनीही तामिळनाडूतल्या सेलमहून येणार आहेत (भाऊ गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहे). त्यांचा मुलगा तीन वर्षांचा. दोन्ही नातवंडं एकाच वेळी घरात म्हणून आई आत्तापासून हरखून गेली आहे. मला मात्र एका गोष्टीची धास्ती वाटते आहे, ती म्हणजे जेवताना मोबाइल.

भाच्याला मागच्या दिवाळीत पाहिलं. वहिनी भात कालवते, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते, कार्टून सुरू होतं आणि मग पोराचं तोंड उघडतं. घास वरणभाताचा आहे की दहीभाताचा, हे त्याला कळतही नाही. मध्ये जाहिरात लागली की तोंड मिटतं. आई शेजारी बसून म्हणते, "राहू दे गं, पोटात जातंय ते महत्त्वाचं."

इथे स्वीडनमध्ये मूल जन्मल्यापासून बालआरोग्य केंद्राची नर्स ठरावीक वेळाने भेटते. सप्टेंबर 2024 मध्ये इथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको, दोन ते पाच वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, झोपायच्या आधी नको आणि रात्री झोपायच्या खोलीत फोन-टॅबलेट नको. मुलांसोबत असताना आपण स्वतः फोन किती वापरतो, याकडेही आईबापांनी लक्ष द्यावं, असंही त्यात आहे. माझ्या ओळखीचे स्वीडिश आईबाप हे मनापासून पाळतात. पाऊस असो की बर्फ, पोराला रबरी पँट चढवून बाहेर सोडतात.

पण आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर सीरियातून आलेलं कुटुंब आहे. नवरा बस चालवतो, ती सकाळी स्वीडिश शिकायच्या वर्गाला जाते. घरी आली की टीव्हीवर अरबी कार्टून सुरू, ते रात्रीपर्यंत. तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, "माझी आई इथे नाही, बहीण नाही. पोराच्या कानावर अरबी पडणार कुठून?" मला त्यावर बोलता आलं नाही, कारण मराठी बडबडगीतांसाठी मीही मोबाइलच हातात घेते.

वहिनीचंही तसंच. सेलमला एका खोलीत दिवसभर एकटी. शेजारच्या बायका तमिळ बोलतात, हिला कामापुरते चार शब्द येतात. भाऊ सकाळी भट्टीवर जातो तो रात्री येतो.

तर विचारायचं ते हे. लहान मुलांच्या स्क्रीनबद्दल आईबापांचं मत समाजागणिक, घरागणिक इतकं वेगळं का असतं? आणि आई-वहिनीला न दुखावता माझं म्हणणं कसं सांगू? "परदेशात राहून शहाणी झाली" हे वाक्य घरात कुणाच्या तोंडी यायला नको आहे.


बोलू_द्या

मी नाशिकला वाचा-उपचाराचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी आया पहिलं वाक्य हेच बोलतात, "ताई, ए बी सी डी सगळं म्हणतो, रंग सांगतो, पण तहान लागली तर पाणी मागत नाही."

स्वीडनचा नियम काही जगावेगळा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये हेच सांगितलं होतं, आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं तेच आहे. दोन वर्षांखाली नको, दोन ते पाच वयात तासाभराच्या आत आणि तेही मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल मात्र चालतो, त्यामुळे आजीशी रोजचं बोलणं बंद करू नका.

नियमापेक्षा कारण सांगितलं तर आजीला पटतं, असा माझा अनुभव आहे. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 220 कुटुंबांत मुलांच्या अंगावर छोटं यंत्र लावून घरातलं बोलणं मोजलं होतं. तीन वर्षांच्या वयात स्क्रीनचा एकेक मिनिट वाढला की मोठ्यांच्या तोंडचे जवळपास सात शब्द मुलाच्या कानावर पडायचे राहून जात होते. मूल स्वतःही कमी बोलत होतं. घरातलं बोलणं थांबतं, खरा तोटा तिथे आहे. "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" म्हणत भरवणारी आजी एका जेवणात किती बोलते, ते एकदा मोजून बघा.

बडबडगीतांचं म्हणाल तर पडदा उलटा ठेवा, नुसता आवाज ऐकवा आणि तुम्ही सोबत म्हणा. मराठी तुमच्या तोंडून पोचतं.


डोंबिवलीची_आजी

मी त्या आजीच्या बाजूने लिहिते आहे.

सून सातच्या आधी घर सोडते, मुलगा त्यानंतर अर्ध्या तासाने. नातू साडेतीन वर्षांचा. नऊ ते बारा त्याची बालवाडी, आणि बारापासून संध्याकाळी सातपर्यंत आम्ही दोघंच. माझे गुडघे गेलेत. तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. त्याला खाली न्यायचं तर ती चढ-उतर माझ्याच्याने दिवसातून एकदाच होते. दुपारी दोनला त्याची झोप उडालेली असते आणि माझे डोळे मिटत असतात. त्या वेळी टीव्ही लागतो. लागतो म्हणजे मीच लावते.

सुनेने सुरुवातीला फ्रिजवर कागद चिकटवला होता, काय चालेल, काय चालणार नाही. मला फार लागलं ते. पोरगं सांभाळायचं मी, आणि परीक्षा पण माझीच. बोलले नाही, पण दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मग तिचं तिलाच उमजलं असावं. तिने तो कागद काढला आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कॉलेजच्या मुलीला संध्याकाळी तासभर ठरवलं. ती नातवाला बागेत नेते, घसरगुंडी, वाळू, सगळं. तो घामाघूम होऊन येतो आणि वरणभात मागून खातो. दुपारचा टीव्हीही आता अर्ध्या तासावर आलाय, कारण तेवढ्यात माझी डुलकी होते आणि संध्याकाळी आपली सुटका आहे हे मला माहीत असतं.

एक सांगते, टीव्ही आणि मोबाइल मला एक वाटत नाहीत. टीव्ही भिंतीवर असतो, काय चाललंय ते मला दिसतं, मी मध्ये बोलते, "अरे, तो माकड बघ कसा पळाला." मोबाइल त्याच्या मांडीत असतो. तो आणि मोबाइल, तिसऱ्याला जागाच नाही. तुमच्या आईलाही हा फरक पटेल, सांगून बघा. पण त्याआधी तिला विचारा, दोन नातवंडांमागे धावून ती दमते का.


अंगणवाडी_ताई

बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यात माझी अंगणवाडी आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला रोज दारात दिसतं, म्हणून जरा लांबण लावते.

ज्या घरात मोकळे हात जास्त, त्या घरात लेकराच्या हातात मोबाइल कमी. जात, धर्म, शिक्षण, पैसा हे सगळं त्याच्यानंतर. आमच्या गावात एकत्र कुटुंबाचं एक मोठं खटलं आहे. आजी, दोन काकू, चुलत भावंडं, गोठ्यात वासरं. त्या घरातलं चार वर्षांचं लेकरू माझ्याकडे येतं तेव्हा त्याला कालच्या गोष्टी सांगायला दिवस पुरत नाही. त्याच्या आजीने स्क्रीनविषयी कुठला सल्ला वाचलेला नाही. आणि तालुक्याला राहणारे नवरा-बायको दोघं नोकरीवाले, भरपूर शिकलेले, त्यांच्या मुलीच्या हातात टॅबलेट. आईला वाटतं मुलगी शिकतेय, कारण ती इंग्रजीत ग्रहांची नावं सांगते. त्या बाईंना मी दोष देत नाही. मुलीला सांभाळणारी बाई महिन्याला दोनदा सोडून जाते, त्यांनी करायचं काय?

तुमच्या स्वीडनमध्ये मुलामागे आईबापांना मिळून 480 दिवसांची रजा असते आणि वर्षाच्या लेकराला बालवाडी मिळते, असं मी वाचलंय. ज्याला एवढी रजा आहे, त्याला "दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको" हे सांगणं सोपं जातं. आपल्याकडे 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची रजा आहे, पण ती आस्थापनेत नोकरी असलेल्या बाईला. माझ्या वस्तीवरच्या बायांना त्यातला एक दिवस मिळत नाही.

आता त्यांचंच सांगते. दसरा-दिवाळी झाली की आमची निम्मी वस्ती ऊस तोडायला जाते. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली. लेकरू सहा वर्षांच्या आतलं असेल तर सोबतच जातं. कारखान्याच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, आणि पहाटे तीन-चारला उठून फडात. एक दिवस गेलं नाही तर खाडा धरतात, त्याचे पैसे कापतात. अशा वेळी तीन वर्षांचं लेकरू कुठे ठेवायचं? फडाच्या बांधावर. तिथे साप आहे, भरलेला ट्रॅक्टर मागे येतो, विहिरीला कठडा नाही. मोबाइल दिला की लेकरू एका जागी बसून राहतं. त्या आईसाठी मोबाइल म्हणजे लेकरू संध्याकाळी जिवंत हाताशी असण्याची खात्री. एक बाई मला म्हणाली, "ताई, वाजत असतं तवर मला कळतं ते हितंच हाय." तिला तासाचा हिशोब सांगायला माझी जीभ रेटत नाही. तिच्यासाठी कारखान्यावर पाळणाघर हवं, आणि हे मी प्रत्येक बैठकीत बोलते.

चैत्रात ती लेकरं परत येतात तेव्हा फरक कळतो. नाव विचारलं तर कार्टूनमधलं हिंदी वाक्य म्हणून दाखवतात. कुणी हात धरला तर बावरतात. मी त्यांना पहिल्या आठवड्यात काही शिकवत नाही. भुईमुगाच्या शेंगांचा ढीग मध्ये ओतते आणि सगळ्यांना गोल बसवते. फोडा, दाणे वाटीत, टरफलं परातीत, मधे मधे तोंडात. शेजारचं लेकरू दाणा पळवतं, भांडण होतं, भांडणात बोलणं फुटतं. महिन्याभरात बहुतेक लेकरं बोलकी होतात. म्हणून भाच्याची फार काळजी करू नका, तीन वर्षांचं लेकरू लवकर वळतं.

आमच्याही हातात शासनाने मोबाइलवरचं काम दिलंय. पोषण ट्रॅकरवर वजन, उंची, हजेरी भरावी लागते. मी मोबाइल काढला की लेकरं खिचडीच्या ताटल्या सोडून माझ्याभोवती गोळा होतात. त्यामुळे ज्या नोंदी नंतर चालतात त्या मी लेकरं घरी गेल्यावरच भरते.

आता तुमच्या घराचं. वहिनीला काही सांगू नका. आधी तिला मोकळं करा. आल्या आल्या सकाळचे दोन तास दोन्ही लेकरं तुम्ही घ्या आणि तिला म्हणा, तू झोप, नाहीतर मैत्रिणीकडे जाऊन ये. सेलमला ती वर्षभर एकटी ओढतेय, तिच्याशी मराठीत दोन शब्द बोलणारं माणूसही नाही. तिचा जीव थोडा हलका झाला की ती स्वतःच विचारील, तुमची पोरगी मोबाइलशिवाय कशी जेवते.

आणि जेवण असं करून बघा. दोघांना एकाच वेळी, खाली, पंगतीला, आपापली छोटी ताटली. भरवायचं नाही. दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ भात, उकडलेला बटाटा, जे बोटाने उचलता येईल ते. सांडू द्या, खाली जुनी साडी अंथरा. मोठी माणसंही तेव्हाच जेवायला बसली पाहिजेत, आणि मोबाइल सगळ्यांचेच दुसऱ्या खोलीत, भावाचा पण. भाचा पहिले काही दिवस रडेल, अर्धपोटी उठेल. तेव्हा मधल्या वेळेत बिस्कीट द्यायचं नाही, नाहीतर सगळं वाया. आजीला हेच सगळ्यात जड जातं, नातू उपाशी उठलेला तिला बघवत नाही. म्हणून चार वाजता ज्वारीची आंबील द्यायचं काम आजीकडेच सोपवा. तिच्या हातून लेकराच्या पोटात काही गेलं की तिचा जीव शांत होतो, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत भूकही लागते.


खाडीपट्टा

अस्सलाम आलेकुम, नमस्कार. मी चिपळूणच्या खाडीपट्ट्यातली. वरचं सगळं वाचलं आणि आमच्याकडचं सांगावंसं वाटलं.

माझा नवरा कुवेतला असतो. मुलगी आठ महिन्यांची असताना तो परत गेला, आता ती अडीचची आहे. आमच्या मोहल्ल्यात अशी खूप घरं आहेत. लेकरांना अब्बा फोनमध्येच दिसतात. त्यामुळे "मुलांना मोबाइलपासून लांब ठेवा" हे कुणी सरसकट बोललं की पोटात कालवतं. माझ्या सासूला कार्टूनचा भारी राग, रिमोट लपवून ठेवते. पण रात्री नऊला मुलाचा फोन वाजला की हातातली भाकरी तव्यावर सोडून धावते.

आम्ही एवढंच ठरवलंय की फोन मुलीच्या हातात द्यायचा नाही. तो फळीवर, डब्याला टेकवून उभा. तिकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात, तो कामावरून खोलीवर आलेला असतो. ती त्याला दिवसभरात जमवलेलं दाखवते, शिंपले, चप्पल, मांजर. तो मोजतो, ती मागून मोजते. तो जेवायला बसला की ती इकडे बसते, दोघांचं जेवण एकदम. फोन संपला की फळीवरून सरळ कपाटात. सुरुवातीला कपाटासमोर बसून रडायची, आता "अब्बा झोपले" म्हणते आणि आपली बाहुली घेते.

तुमच्या सीरियन शेजारणीला सांगा, कार्टूनपेक्षा आपल्या आईला फोन लावून फळीवर ठेव. आजी तिकडे स्वयंपाक करत बोलत राहिली तरी अरबी कानावर पडेल.


कडेगावकर

निवृत्त प्राथमिक शिक्षक. विट्याच्या आहात म्हणून आपल्या भागातलं सांगतो. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तुम्हाला माहीत असेलच. कोरोनाच्या काळात पोरांना अभ्यासासाठी मोबाइल दिले, शाळा सुरू झाल्या तरी ते हातातून सुटेनात. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांनी ग्रामसभेत विषय मांडला आणि ऑगस्ट 2022 पासून गावात रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत घरातले टीव्ही, मोबाइल बंद. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंदीचा ठराव केला.

दोन्हींची तळमळ खरी आहे, पण मला वडगावची रीत जास्त पटते. तिथे नियम आजोबांनाही आहे आणि बापालाही. बाप बातम्या बघत बसला आणि पोराला म्हणाला अभ्यास कर, हे शाळेत नोकरी करताना मी आयुष्यभर पाहिलंय, त्याने काही होत नाही. अंगणवाडी ताईंनी भावाचाही मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितलंय, ते अजिबात विसरू नका. तुमचे वडील संध्याकाळच्या बातम्या सोडतील का, हे आधी बघा. तिथेच घोडं अडतं.


विटेकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. आजी, तुमचं वाचून मी आईला फोन केला आणि पहिल्यांदाच विचारलं की दोन पोरांमागे तिला झेपेल का. ती जरा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "कंबर धरते गं अलीकडे." हे ती मला आजवर बोलली नव्हती. भावाला सांगून दीड महिन्यासाठी वरकामाला बाई ठरवतोय.

वहिनीशी मोबाइलचा विषय काढला नाही. सकाळचे दोन तास मुलं माझ्याकडे, एवढंच म्हटलं. तिने दुसऱ्याच मिनिटाला विचारलं, "म्हणजे मी माहेरी मायणीला जाऊन येऊ शकते?"

दादा, वडिलांच्या बातम्यांचं तुम्ही अचूक ओळखलंत. त्यांना सात ते आठ कट्ट्यावर पाठवायचं काम चुलत्यांनी अंगावर घेतलंय.

खाडीपट्टा, खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला तुमचं फळीचं सांगितलं. तिच्या आईकडे दिवसातून थोडाच वेळ वीज असते, पण तेवढ्या वेळात ती लावून बघणार आहे.

ताई, ज्वारीची आंबील आमच्या आईला येते, पण ती मिरची-लसूण घालून करते. सव्वादोन आणि तीन वर्षांच्या पोरांसाठी तुम्ही कशी करता?


अंगणवाडी_ताई

ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवून ठेवायचं. सकाळी पाण्याला उकळी आणून त्यात हळूहळू ओतायचं, एका हाताने ढवळत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. मीठ, चिमूटभर जिरं, बस. मिरची नको. लसूण घालायचाच तर एक पाकळी ठेचून तुपात परतून घाला, लेकरांना तो वास आवडतो. कोमट झाल्यावर ताक घालून सरसरीत करा आणि वाटीने पिऊ द्या, चमचा नको. भाच्याला ताकाची सवय नसेल तर पहिले दोन दिवस गुळाचं पाणी घालून गोड करा, मग आंबट सुरू करा. आणि वहिनीला मायणीला जाऊ द्याच.